कोरकू, कोलामी, माडिया, गोरमाटी बोलणाऱ्यांसाठी दुभाषी कसा ठरवायचा: विदर्भात नव्याने रुजू झालेल्या सामाजिक कार्यकर्त्यांसाठी

धारणी, चिखलदरा, झरी जामणी, पुसद, एटापल्ली, भामरागड, देवरी यांपैकी एखाद्या तालुक्यात तुम्ही नुकतेच कामाला लागला असाल. संरक्षण अधिकारी असाल, बाल संरक्षण कक्षात किंवा सखी केंद्रात (अत्याचारग्रस्त महिलांच्या मदत केंद्रात) असाल, सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असाल नाहीतर एखाद्या संस्थेत असाल. पहिल्याच महिन्यात कोणीतरी जुना सहकारी तुम्हाला सांगेल, "यांना समजते मराठी, दुभाषी कायले पाहिजे?"

हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि त्यातूनच बहुतेक घोळ होतात. कोरकू बाई आठवडी बाजारात भाव करते, एसटीच्या कंडक्टरशी भांडते, रेशन दुकानदाराला जाब विचारते, आणि हे सगळं मराठी-हिंदीच्या मिश्रणात व्यवस्थित करते. पण "त्या रात्री आधी काय झालं, मग काय झालं, तेव्हा घरात कोण होतं" असं विचारलं की तिची मराठी संपते. मग ती मान डोलावते आणि "हाव" म्हणते. हे "हाव" कागदावर कधी कबुली म्हणून उतरतं, कधी संमती म्हणून, तर कधी "तक्रार नाही" म्हणून. तिला काय म्हणायचं होतं, हे त्या कागदावरून पुढे कोणालाच कळत नाही.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या. "मराठी समजतं का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी हो येतं. त्याऐवजी म्हणा, "आज सकाळी उठल्यापासून इथं येईपर्यंत काय काय केलं, ते सांगा." चार-पाच वाक्यं सलग आली तर पुढे चला. उत्तर दोन शब्दांत आटोपलं किंवा सोबतचा माणूस मध्येच बोलू लागला, तर तिथेच थांबा आणि दुभाषी बोलवा. तो ऐन वेळी मिळावा यासाठी काय तयारी करायची, ते खाली क्रमाने लिहितो आहे.

१. भाषा नेमकी कोणती, ते विचारा

केस पेपरवर "आदिवासी भाषा" असं लिहिलेलं बरेचदा दिसतं. त्यावरून कोणाला बोलवायचं ते कळत नाही. मेळघाटात कोरकू आहे. ती मुंडा कुळातली भाषा, गोंडीशी तिचा काही संबंध नाही. "गोंडी येणारा पोरगा आहे ना" म्हणून धारणीत त्याला नेलं तर तोही तुमच्याइतकाच गप्प बसेल. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी भागातल्या पोडांवर, म्हणजे कोलाम वस्त्यांवर, कोलामी ऐकू येते. ती गोंडीसारखीच द्राविडी, पण एक बोलणाऱ्याला दुसरी समजेलच असं नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा आणि वाशिममधलं मानोरा इथल्या तांड्यांवर गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलतात. गडचिरोली जिल्ह्यात तर तालुक्यागणिक भाषा बदलते. भामरागड-एटापल्लीत माडिया, धानोरा-कुरखेड्याकडे गोंडी, कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, आणि चामोर्शी-मुलचेऱ्यात पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्यांच्या गावांत बंगाली. बुलढाण्यात जळगाव जामोदच्या सातपुड्याकडच्या अंगाला भिलाला वस्त्या आहेत, आणि निहाली बोलणारी थोडी कुटुंबंही. अमरावती-अकोल्याकडच्या फासेपारधी बेड्यांवरची भाषा आणखी निराळी.

२०११ च्या जनगणनेत देशभरात कोरकू बोलणारे सुमारे ७.२७ लाख होते आणि कोलामी बोलणारे सुमारे १.२८ लाख. दुभाषी होऊ शकेल अशी माणसं आपल्याच तालुक्यात आहेत. त्यांना कोणी विचारलेलं नसतं, एवढंच.

जातीच्या दाखल्यावरून भाषा ठरवू नका. यवतमाळ, नागपूर, चंद्रपूरकडच्या कितीतरी गोंड कुटुंबांत आता घरीही मराठीच बोलतात. उलट वीटभट्टीवर किंवा जिनिंगमध्ये कामाला आलेला मजूर स्वतःला "हिंदीवाला" म्हणवतो, आणि घरी भलतंच काही बोलत असतो. "घरी लेकराशी कोणत्या भाषेत बोलता?" हा एक प्रश्न पुरेसा आहे. उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर, नावाच्या खाली, मोठ्या अक्षरात लिहा. तुमच्यानंतर ती फाइल हाताळणाऱ्याला ते लगेच दिसलं पाहिजे.

२. दुभाष्याशिवाय जी कामं करायचीच नाहीत, ती ठरवा

बँकेचं खातं, आधार दुरुस्ती, बसचा पास असली कामं मोडक्यातोडक्या भाषेत होऊन जातात. पण मारहाण, लैंगिक अत्याचार, लेकराला बालगृहात ठेवणं किंवा घरी परत देणं, शस्त्रक्रियेची आणि नसबंदीची संमती, क्षयरोगासारख्या लांबणाऱ्या उपचाराची माहिती, जमिनीचा किंवा पोटगीचा कागद, आणि ज्यावर सही-अंगठा होणार आहे असा कुठलाही जबाब, यांतलं काहीही दुभाष्याशिवाय करू नका. वरिष्ठ घाई करतील. "लाभार्थ्याची भाषा अमुक, दुभाषी अमुक तारखेला उपलब्ध" अशी एक ओळ लेखी द्या, बहुतेक वेळा थांबायला मान्यता मिळते.

लहान मुलांच्या बाबतीत तर कायदाच तुमच्या बाजूने आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पोक्सो. त्याच्या कलम १९(४) नुसार, नोंदवला जाणारा मजकूर मुलाला न समजणाऱ्या भाषेत असेल आणि त्याला तो कळत नसेल, तर दुभाषी द्यावाच लागतो. जबाब नोंदवताना कलम २६(२) आणि न्यायालयात साक्षीच्या वेळी कलम ३८ दुभाष्याची मदत घेण्याची तरतूद करतात. ही तीन कलमं डायरीत लिहून ठेवा. पोलीस ठाण्यात नुसतं "भाषेची अडचण आहे" असं सांगून काही हलत नाही. कलम सांगितलं की हलतं.

३. कोणाला घ्यायचं नाही

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण समोर नेहमी कोणीतरी सोयीचं माणूस उभंच असतं.

घरातलं लेकरू. आश्रमशाळेत शिकणारी अकरा-बारा वर्षांची मुलगी घरात सगळ्यात चांगलं मराठी बोलते. तिच्या तोंडून तिच्या आईचा रक्तस्राव, आईला बसलेला मार किंवा बापाचं दारूचं व्यसन वदवून घेऊ नका. आई लेकीसमोर खरं बोलणार नाही, आणि बोललीच तर ते ओझं त्या पोरीच्या डोक्यावर राहील. "दोन मिनिटांचं काम आहे" असं वाटलं तरी नाही.

नवरा, सासू, दीर, जाऊ. शेतकरी आत्महत्येनंतरच्या चौकशीत हे फार पाहायला मिळतं. एक लाखाच्या शासकीय मदतीसाठी विधवेचा जबाब होतो. तांड्यावरची बाई दाराआड उभी असते, आणि कर्ज किती, सावकार कोण, सातबारा कोणाच्या नावावर, ही सगळी उत्तरं दीर देतो. मदतीच्या पैशात आणि जमिनीत त्याचाही हात अडकलेला असू शकतो. त्याला मानाने ओसरीवर बसवा, त्याचं म्हणणं वेगळं नोंदवा, आणि बाईशी बाहेरच्या दुभाषी बाईला घेऊन आत बोला.

सरपंच, पोलीस पाटील, तांड्याचा नायक, गावचा भूमका (पुजारी-वैदू). मोठी माणसं आहेत, त्यांचा मान ठेवावाच लागतो, भेटीची वर्दी त्यांना आधी द्या. पण हेच प्रकरण उद्या गावच्या पंचांपुढे गेलं तर न्याय करायला तीच बसणार. मग त्यांच्यासमोर कोण काय बोलणार?

आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्याबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे. लसीकरण, आहार, गरोदरपणाची नोंद यासाठी त्यांच्यासारखं दुसरं कोणी नाही. त्यांच्यामुळेच लोक दार उघडतात. पण घरातल्या हिंसेच्या प्रकरणात त्यांना मधे बसवणं त्यांच्यावर अन्याय आहे. तुम्ही संध्याकाळच्या गाडीने निघून जाता, ती बाई त्याच गावात राहते. "तूच सांगितलं साहेबाले" असं म्हणत रात्री तिच्याच दारात माणसं येतात. आणि तक्रार आहार मिळत नाही किंवा दवाखान्यात नीट वागवत नाहीत अशी असेल, तर त्याच यंत्रणेतलं माणूस दुभाषी म्हणून चालत नाही, ते कितीही भलं असलं तरी.

गडचिरोलीत आणखी एक काळजी घ्या. पोलीस दलात गोंडी-माडिया जाणणारे जवान आहेत, आणि ते मदतीला तयारही असतात. पण त्या भागाने जे सोसलं आहे ते लक्षात घेता, सामाजिक कामाच्या भेटीत वर्दीतलं माणूस शेजारी असलं की लोक मोकळे होत नाहीत. पोलिसांच्या कामाला पोलीस, आपल्या कामाला आपला दुभाषी.

४. मग कोण?

दोन्ही भाषा घरच्यासारख्या येणारं, त्या कुटुंबाचं नात्यातलं नसलेलं, शक्यतो त्याच गावचं नसलेलं पण त्याच भागातलं माणूस. शेजारच्या खोऱ्यातलं असलं तर उत्तम. भाषेचा लहेजा जुळतो आणि भाऊबंदकी आड येत नाही. बाईच्या गोष्टीला बाईच हवी, यात तडजोड नको. तुम्ही पुरुष असाल तर जास्तच.

पदवी फार पाहू नका. पोक्सो नियम, २०२० मधला नियम ५ सुद्धा पदवीचा आग्रह धरत नाही. भाषा मातृभाषा म्हणून, प्राथमिक शाळेचं माध्यम म्हणून, कामधंद्यातून किंवा त्या भागात राहून आलेली असली तरी चालते. मी एक गोष्ट मात्र आवर्जून पाहतो. "मला हा शब्द कळला नाही, परत सांगा" असं ते माणूस म्हणू शकतं का? ज्याला सगळंच कळतं त्याला घेऊ नका. मनानं भर घालणारा दुभाषी हा दुभाषी नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याची भर कोणाला दिसतच नाही.

अशी माणसं सापडतात कुठं? आश्रमशाळांतले त्याच समाजातले शिक्षक आणि अधीक्षिका. पेसा क्षेत्रात (अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा लागू असलेल्या भागात) ग्रामपंचायतीचे पेसा मोबिलायझर. "उमेद" या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या बचत गटांच्या समुदाय संसाधन व्यक्ती. विधी सेवा समितीचे विधी स्वयंसेवक. निवृत्त परिचारिका. समाजकार्य महाविद्यालयातले त्या त्या समाजाचे विद्यार्थी. धारणी, पांढरकवडा, पुसद, देवरी, अहेरी, भामरागड इथं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालयं आहेत, तिथले कनिष्ठ कर्मचारी ओळखी करून देतात. आणि त्या भागात मुरलेल्या संस्था. हेमलकशाला १९७३ मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना आधी माडिया शिकावी लागली, मगच दवाखाना चालला. अशा ठिकाणी काम केलेल्या माणसांना भाषेचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

५. नावं सरकारी यादीत चढवा

नियम ५ प्रमाणे प्रत्येक जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाषी, अनुवादक, विशेष शिक्षक, तज्ज्ञ आणि साहाय्यक व्यक्ती यांची नावं, पत्ते आणि संपर्काची नोंदवही ठेवायची असते. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन आपल्या तालुक्यातल्या भाषांची यादी लेखी मागा. यादीत कोरकू किंवा कोलामीचं माणूस नसेल, तर वर सांगितल्यासारखी दोन-तीन नावं, त्यांची संमती आणि ओळखपत्राची प्रत जोडून लगेच अर्ज द्या. पोच घ्या. यादीबाहेरचं माणूस अनुभवाच्या आधारे घेता येतं, पण यादीत नाव असलं की पैशाचा आणि ओळखीचा प्रश्न सुटतो.

इथे एक गल्लत होते, ती टाळा. पोक्सोमधली "साहाय्यक व्यक्ती" वेगळी आणि दुभाषी वेगळा. साहाय्यक व्यक्ती मुलाला धीर देते, तारखा सांगते, प्रक्रियेत सोबत राहते. दुभाष्याने यातलं काही करायचं नसतं, त्याने तटस्थ राहून काही न गाळता, काही न वाढवता दोन्हीकडचं पोचवायचं असतं. माणसं कमी म्हणून एकालाच दोन्ही कामं दिली, तर न्यायालयात नेमकं त्यावर बोट ठेवलं जातं.

स्वतःची एक वेगळी वहीही ठेवा: भाषा, कोणत्या भागातला लहेजा, बाई की पुरुष, गाव, फोन, घरी रेंज आहे का की टेकडीवर यावं लागतं, कोणत्या गावांत नातेवाईक आहेत, कोणत्या महिन्यांत बाहेर असतात. शेवटचे दोन रकाने सरकारी नोंदवहीत नसतात, आणि ऐन वेळी तेच कामाला येतात.

६. पैशाचं आधी बोला

"समाजाचं काम आहे, सेवा म्हणून करा" असं म्हणून माणसाला दिवसभर बसवून ठेवायचं आणि संध्याकाळी चहा पाजून पाठवायचं, ही पद्धत बंद व्हायला हवी. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत त्या बाईची एक दिवसाची मजुरी म्हणजे घरातलं तेल-मीठ असतं. फुकटात बोलावलेलं माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि का आलं नाही हे तुम्हाला सांगतही नाही.

पोक्सोच्या प्रकरणात मानधन राज्य शासनाने द्यायचं आहे, बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १०५ खालच्या निधीतून किंवा बाल संरक्षण कक्षाकडच्या दुसऱ्या निधीतून. किती, याचीही खालची मर्यादा नियमातच आहे: कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही. विधी स्वयंसेवकाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मानधन मिळतं, म्हणून मोफत विधी साहाय्याच्या प्रकरणात त्या भाषेचा स्वयंसेवक मागून घ्या. अनुसूचित जमातीची व्यक्ती, स्त्री आणि मूल यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे उत्पन्न न पाहता ही मदत मिळते. दवाखान्यात असाल तर रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत दुभाष्याच्या खर्चाचा विषय ठेवा आणि मंजुरी इतिवृत्तात येईल असं पाहा. संस्थेत असाल तर पुढच्या प्रस्तावात "दुभाषी मानधन व प्रवास" असा वेगळा रकाना घाला. "इतर खर्च" या रकान्यात तो कधीच उरत नाही.

तारीख पडली, साहेब आले नाहीत, डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकले, तरी माणूस आलं म्हणजे दिवस धरायचा. परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते आधी पाहा. ती चुकणार असेल तर मुक्कामाची सोय तुम्ही करायची. आणि लाभार्थ्याच्या घरून पैसे, कोंबडी, काहीही घ्यायचं नाही, हे दोघांनाही स्पष्ट सांगा.

७. भेटीआधीची पंधरा मिनिटं

गाडीत किंवा दवाखान्याच्या ओट्यावर, पण कुटुंबाच्या नजरेआड बसून दुभाष्याशी बोला. विषय काय, कोणते अवघड शब्द येतील, किती वेळ लागेल. शरीराच्या अवयवांची नावं आणि मारहाणीचे शब्द लाज न बाळगता आधीच ठरवून घ्या, नाहीतर ऐन वेळी तो अडखळेल आणि "तिकडे लागलं" एवढंच सांगेल. त्या कुटुंबाशी ओळख किंवा वैर आहे का, ते विचारा. असेल तर दुसरं माणूस शोधा.

मग साधारण असं सांगा: "ती जे बोलेल ते सगळं मला सांगा, शिवी दिली तर शिवीसुद्धा. तुम्हाला चुकीचं वाटलं तरी बदलू नका. मी बोललेलंही तसंच तिला सांगा. मधे काही समजावून सांगावंसं वाटलं तर आधी मला सांगा, मग तिला. भूमकाकडे नेलं होतं, डंबा दिला होता असं काही आलं तर लपवू नका, इथं कोणी रागावणार नाही."

शेवटचं वाक्य मेळघाटात विसरू नका. आजारी बाळाच्या पोटावर चटके देण्याच्या प्रथेला तिकडे डंबा म्हणतात. दवाखान्यात यावरून माय-बापाला बोलणी बसतात, म्हणून समाजाची अब्रू राखायला दुभाषी ती गोष्ट गाळतो. पण बाळ किती दिवसांपासून आजारी आहे आणि जखमा कसल्या, हे डॉक्टरांना कळलंच पाहिजे. डॉक्टरांनाही आत जाण्याआधी एवढंच सांगून ठेवा की आज रागवायचं नाही.

८. प्रत्यक्ष बोलताना

तिघांनी असं बसा की तुम्हाला बाईचा चेहरा दिसेल. बोलायचं बाईशी, दुभाष्याशी नाही. "तिला विचार, कधीपासून दुखतं" असं म्हणू नका. "माय, कधीपासून दुखतं?" असं तिच्याकडे पाहून विचारा, आणि दुभाष्यानेही तसंच म्हणू द्या. पहिली पाच मिनिटं हे अवघड वाटतं, मग ती बाई तुमच्याकडे पाहून बोलू लागते.

एका वेळी एकच प्रश्न. तारखा विचारू नका. "पोळ्याच्या आधी की नंतर?", "होळीला गावी होतात का?", "सोंगणी चालू होती का?" असं विचारलं की क्रम आपोआप लागतो, तारखेचा हिशेब तुम्ही नंतर पंचांग घेऊन करा.

बाई दोन मिनिटं बोलली आणि दुभाष्याने "नाही म्हणते" एवढंच सांगितलं, तर पुढचा प्रश्न विचारू नका. एका तालुक्याच्या दवाखान्यात हे डोळ्यांदेखत झालं. बाळाला अमरावतीला हलवायचं होतं. माय कोरकूत बराच वेळ बोलली, हाताने घराकडची दिशा दाखवली, बोटांवर काहीतरी मोजलं. सोबतचा पुतण्या म्हणाला, "नाही म्हणते, नेत नाही." परिचारिकेने "नातेवाईकांचा नकार" असं लिहायला पेन उचललं. दुसऱ्या वॉर्डातल्या कोरकू बाईला बोलावून परत विचारलं तेव्हा कळलं की घरी दोन लहान लेकरं एकटी आहेत, म्हातारीला दिसत नाही, नवरा बाहेरगावी कामाला गेला आहे. लेकरांकडे कोणी पाहील का, एवढंच ती विचारत होती. गावात फोन करून दिराच्या घरी लेकरांची सोय लावली आणि ती अर्ध्या तासात गाडीत बसली. म्हणून "एवढंच म्हणाली का? बोटांवर काय मोजलं?" असं शांतपणे विचारा. दुभाष्याचा अपमान होणार नाही अशा आवाजात विचारा, पण विचाराच.

गप्प बसणंही लिहून ठेवा. एखाद्या प्रश्नावर बाई खाली पाहत राहिली, तर दुभाष्याला घाई करू देऊ नका. शेवटी, तुम्ही सांगितलेलं तिने तिच्या भाषेत दुभाष्याला परत सांगायचं आणि दुभाष्याने तुम्हाला. गोळ्या कशा घ्यायच्या, पुढची तारीख कुठे, कोणाला फोन करायचा, या तीन गोष्टी परत ऐकल्याशिवाय उठू नका.

९. दुभाषी येऊ शकत नसेल तर

फोनवर घ्या. मेळघाटात किंवा भामरागडकडे रेंज जाते-येते, म्हणून वेळ आधी ठरवा आणि दुभाष्याला रेंजच्या जागी थांबायला सांगा. वॉर्डात स्पीकर लावून बोलू नका, सगळा वॉर्ड ऐकतो. बाजूच्या खोलीत जा. जबाब आणि संमतीसाठी फोन हा शेवटचा उपाय समजा.

थेट मराठीत आणणारं माणूस मिळत नसेल तर दोन दुभाषी लावावे लागतात. माडिया म्हातारीचं बोलणं एकाने छत्तीसगढीत किंवा गोंडीत आणायचं आणि दुसऱ्याने मराठीत. निहालीच्या बाबतीत मधली भाषा बहुधा कोरकू असते. वेळ दुप्पट लागतो, तो धरून चला.

१८१ (महिला), १०९८ (बालक), १५१०० (विधी सेवा) या मदतवाहिन्यांना फोन करताना पहिल्या वाक्यातच भाषा सांगा.

१०. कर्णबधिर व्यक्ती असेल तर

गावातली बहुतेक कर्णबधिर मोठी माणसं शाळेत गेलेली नसतात, त्यांना भारतीय सांकेतिक भाषा येत नाही. घरापुरत्या खुणा असतात. अशा वेळी मूकबधिर विद्यालयातले विशेष शिक्षक आणि त्या खुणा जाणणारं, प्रकरणाशी संबंध नसलेलं घरचं किंवा शेजारचं माणूस, असे दोघं लागतात. नात्यातलं माणूस घ्यायचं नाही या नियमाला हा एकच अपवाद. अत्याचाराची तक्रार देणारी व्यक्ती शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेली असेल, तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकासमोर तक्रार नोंदवून तिचं चित्रीकरण करायचं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे आहे.

११. कागद

"वाचून दाखवलं, समजलं, मान्य आहे" हा ठरलेला मजकूर जबाबाखाली छापूनच येतो. त्याच्यावर विसंबू नका. त्याखाली हाताने लिहा: कोणत्या भाषेत सांगितलं, कोणी सांगितलं, त्याचं गाव, वेळ, आणि लाभार्थ्याने स्वतःच्या शब्दांत परत काय सांगितलं. दुभाष्याची सही घ्या. नसबंदीच्या संमतिपत्रात, वाचता न येणाऱ्यांना मजकूर त्यांच्या स्थानिक भाषेत समजावल्याचं प्रमाणित करायची जागा असते. ती कोरी ठेवून किंवा भलत्याची सही घेऊन फॉर्म पुढे जाऊ देऊ नका.

पिशवीत हे असू द्या:
- दुभाष्याचं संमतिपत्र आणि गोपनीयतेचं हमीपत्र, त्याच्या ओळखपत्राची प्रत
- मानधन व प्रवासाचं व्हाउचर, एसटीचं तिकीट जोडायला जागा असलेलं
- स्टॅम्प पॅड, कोरे कागद, शरीराची बाह्याकृती काढलेला कागद (दुखणं किंवा मार बोटाने दाखवायला)
- वर सांगितलेल्या कलमांची एका पानाची नोंद
- तुमच्या वहीतल्या दुभाष्यांच्या यादीची झेरॉक्स, कारण फोनची बॅटरी संपते

१२. भेट झाल्यावर

दुभाष्याला तसंच गाडीत बसवून पाठवू नका. त्याला काय खटकलं, कुठे अर्थ नीट लागला नाही, बाई काय बोलायचं टाळत होती, हे विचारा. पुष्कळदा महत्त्वाचं तेव्हाच कळतं. अत्याचाराचं ऐकून त्यालाही रात्री झोप लागत नाही, विशेषतः तरुण मुलींना. दोन दिवसांनी फोन करा. आणि गोपनीयतेचं पुन्हा बजावा. बाजाराच्या दिवशी ती बाई समोर आली तर तिने ओळख दाखवल्याशिवाय ओळख दाखवायची नाही, घरीसुद्धा नाव काढायचं नाही. कोणत्याही माध्यमातून मुलाची ओळख उघड करणं पोक्सोच्या कलम २३ आणि बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे, आणि तो दुभाष्यालाही लागू होतो.

वही वर्षातून निदान दोनदा तपासा. मेळघाटातली माणसं होळीला हमखास गावी येतात, पण त्या आठवड्यात कामाला कोणाला बोलावू नका. होळीनंतर लगेच एक फेरी मारा. रिचार्ज संपून नंबर बदललेले असतात, मुली लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या असतात. ज्या गेल्या त्यांचं नाव खोडू नका, नवीन गाव लिहून घ्या आणि तिकडच्या सहकाऱ्याला तो नंबर कळवा.